दोन अरुण नेहरू

भारताच्या लोकसभेत आजवर दोन अरुण नेहरू निवडून गेले आहेत. पहिले अरुण नेहरू (१९४४-२०१३) हे इंदिरा गांधींनी रायबरेलीची जागा सोडल्यानंतर १९८० च्या पोटनिवडणुकीत तेथून विजयी झाले; पुढे राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री आणि त्यानंतर विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात मंत्री होते. दुसरे अरुण नेहरू २०२४ मध्ये तमिळनाडूतील पेरंबलूर मतदारसंघातून द्रमुकचे उमेदवार म्हणून निवडून आले. पहिल्यांचे 'नेहरू' हे काश्मिरी पंडित घराण्याचे आडनाव होते. दुसऱ्यांचे 'नेहरू' हे वडिलांचे नाव आहे: तिरुचिरापल्लीचे द्रमुक नेते के. एन. नेहरू यांचे. दोन्ही घराण्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात आपल्या आडनावाची हकीकत दिली आहे. त्यांचे पूर्वज राज कौल अठराव्या शतकाच्या आरंभी काश्मीर सोडून दिल्लीत आले. त्यांना मिळालेले घर कालव्याच्या काठी होते. कालवा म्हणजे नहर. त्यावरून हे कुटुंब आधी कौल-नेहरू आणि पुढे नुसते नेहरू म्हणून ओळखले जाऊ लागले. दिल्लीतील एका कालव्यावरून पडलेले हे आडनाव स्वातंत्र्यानंतर कावेरीच्या काठावर एका मुलाचे नाव झाले आणि आता त्या मुलाच्या मुलाच्या नावाचा उत्तरार्ध झाले आहे. शासकीय अर्जाच्या दृष्टीने ते पुन्हा आडनावच. हा प्रवास कसा घडला आणि तो आता का थांबत चालला आहे, हे पाहण्यासारखे आहे. कारण त्यात जात, भाषा आणि शासनव्यवहार या तिन्हींचा इतिहास गुंतलेला आहे.

थोर पुरुषाच्या नावावरून मुलाचे नाव ठेवण्याची हौस भारतभर आहे. प्रश्न एवढाच की, त्याच्या नावातला कोणता भाग उचलायचा? उत्तरेत आणि पश्चिमेत लोक बहुधा पहिले नाव घेतात. तेथे सुभाष, राजेंद्र, जवाहर, इंदिरा आणि राजीव घरोघर सापडतात. मराठी वाचकांना परिचित उदाहरण द्यायचे तर संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून रमेश तेंडुलकरांनी मुलाचे नाव सचिन ठेवले. 'बर्मन' ठेवण्याचा विचार कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. दक्षिणेत मात्र त्याच नेत्यांची आडनावे मुलांना मिळाली. मी अनेक वर्षे निवडणुकांच्या निमित्ताने दक्षिणेतील उमेदवारांच्या याद्या वाचत आलो आहे. त्यांत बोस, नेहरू, गांधी, लेनिन आणि स्टॅलिन नेहमी भेटतात आणि ही सगळी त्या त्या उमेदवारांची स्वतःची नावे असतात.

याचे कारण नावाच्या रचनेत आहे. उत्तर भारतात किंवा महाराष्ट्रात नावाच्या शेवटची जागा आधीच भरलेली असते. तेथे कुळ, गाव, व्यवसाय किंवा जात सांगणारा शब्द बसलेला असतो आणि असा शब्द एका घराण्याचा मानला जातो. दुसऱ्याचे आडनाव आपल्या मुलाचे नाव म्हणून ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या घराची पाटी आपल्या दारावर लावण्यासारखे वाटते. तमिळनाडूत ही जागा रिकामी असते. तेथे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी येते आणि स्वतःचे नाव शेवटी. तेलुगू भाषकांना घराण्याचे नाव असते, त्याला ते 'इंटिपेरु' म्हणजे घराचे नाव म्हणतात. पण तेही आरंभी येते. एन. टी. रामाराव यांच्यातील 'एन' म्हणजे नंदमूरी आणि पी. व्ही. नरसिंह राव यांच्यातील 'पी' म्हणजे पामुलपर्ती. ज्या समाजात अखेरचा शब्द हे माणसाचे स्वतःचे नाव असते, त्या समाजाने 'जवाहरलाल नेहरू' हे नाव ऐकले की 'नेहरू' हेच त्या माणसाचे खरे नाव, असे मानणे स्वाभाविक होते.

म्हणूनच तेलुगू प्रदेशात पूर्ण नावेच्या नावे मुलांना दिली गेली. 'नाटू नाटू' या गीतासाठी २०२३ मध्ये ऑस्कर मिळवणारे गीतकार चंद्रबोस यांचे पूर्ण नाव कनुकुंटल सुभाष चंद्रबोस. आंध्र प्रदेशाचे माजी उपमुख्यमंत्री पिल्ली सुभाष चंद्रबोस हेही त्याच परंपरेतले. हैदराबादजवळच्या सेरिलिंगमपल्लीचे आमदार अरेकपूडी गांधी यांच्या नावात 'अरेकपूडी' हे घराण्याचे नाव आहे आणि 'गांधी' हे त्यांचे स्वतःचे.

महाराष्ट्राचाही या परंपरेत वाटा आहे, याची महाराष्ट्रात फारशी जाणीव दिसत नाही. विसाव्या शतकातील अत्यंत लोकप्रिय तेलुगू कवींपैकी एकाचे नाव देवरकोंड बालगंगाधर तिलक असे होते. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२१ चा. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. लोकमान्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला पश्चिम गोदावरीच्या भागात जन्मलेल्या या मुलाला ते नाव का मिळाले, हे वेगळे सांगायला नको. १९६६ मध्ये वारलेल्या या कवीला १९७१ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेलुगू वाचक त्यांना नुसते 'तिलक' म्हणतात. तसेच १९५७ च्या 'मायाबाजार' या गाजलेल्या तेलुगू चित्रपटाच्या कलादिग्दर्शकांत एक नाव आहे गोखले. हे माधवपेद्दी गोखले. ते पुण्याचे नव्हेत. माधवपेद्दी हे तेलुगू घराणे. टिळक आणि गोखले ही आडनावे महाराष्ट्रात विशिष्ट जातीची खूण ठरतात आणि तेथे कोणी ती मुलाचे नाव म्हणून ठेवत नाही. कृष्णा-गोदावरीच्या मुखाजवळ पोहोचेपर्यंत ती खूण पुसली गेली होती. उरली होती ती फक्त त्या माणसांची कीर्ती.

तमिळनाडूत ही जागा रिकामी राहिली त्यामागे केवळ परंपरा नव्हती, राजकीय चळवळही होती. त्या प्रांतातही अय्यर, अय्यंगार, मुदलियार, पिळ्ळै, नायकर अशी जातिवाचक पदे नावामागे लावली जात. ई. व्ही. रामसामी यांच्या स्वाभिमान चळवळीने त्यांवर थेट प्रहार केला. फेब्रुवारी १९२९ मध्ये चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान परिषदेने जातिवाचक पदे टाकून देण्याचा ठराव केला. स्वतः रामसामी यांनी आपल्या नावातील 'नायकर' गाळले. पुढल्या दोन पिढ्यांत ही पदे तमिळ सार्वजनिक जीवनातून बहुतांशी नाहीशी झाली. नाव बदलणे हे राजकीय कृत्य असू शकते, ही जाणीव त्यातून रुजली. नारायणसामी हे नेडुंचेळियन झाले आणि रामय्या हे अन्बळगन. संस्कृत नावांऐवजी शुद्ध तमिळ नावे घेणारे हे दोघे द्रविड चळवळीतील अग्रगण्य नेते होते.

जातीचे पद गेले, देवादिकांची नावेही नकोशी झाली. मग मुलाला नाव कशावरून द्यायचे? तमिळ शब्द हे एक उत्तर होते. जगातील थोर मानलेल्या माणसांची नावे हे दुसरे. पेरियार १९३२ मध्ये सोव्हिएत रशिया पाहून आले आणि त्यांच्या अनुयायांत त्या देशाविषयी आकर्षण वाढले. द्रविड चळवळीच्या घरांत रशियन नावे आली ती अशी. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मुलगा १ मार्च १९५३ रोजी जन्मला. त्याचे नाव 'अय्यादुरै' ठेवायचे, म्हणजे पेरियार आणि अण्णादुरै या दोघांची आठवण एकाच नावात राहील, असा वडिलांचा विचार होता, असे सांगितले जाते. पण ५ मार्चला मॉस्कोत जोसेफ स्टॅलिनचा मृत्यू झाला आणि करुणानिधींनी मुलाचे नाव स्टॅलिन ठेवले. २०२१ मध्ये या मुलाने 'मुत्तुवेल करुणानिधी स्टॅलिन' असे आजोबा, वडील आणि स्वतः अशा क्रमाने नाव उच्चारून मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा पूर्ण नावात आडनाव असे कोठेच नव्हते. 'स्टॅलिन' हेही मुळात आडनाव नव्हेच. जॉर्जियातील जुगाशविली या क्रांतिकारकाने घेतलेले ते टोपणनाव. त्याच्या मुळाशी पोलाद हा शब्द आहे. उल्यानोव यांनी घेतलेले 'लेनिन' हेही तसेच.

केरळात कम्युनिस्ट पक्षाच्या प्रभावामुळे ही रशियन नावे अधिक पसरली. मल्याळी दिग्दर्शक लेनिन राजेंद्रन (१९५१-२०१९) हे त्याचे एक ठळक उदाहरण. तमिळ चित्रपटसृष्टीत ख्यातनाम संकलक बी. लेनिन आहेत. अशा नावांच्या मुलांना शाळेत, परदेशी विमानतळांवर आणि विवाह जुळवताना काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, याची कल्पना करता येते. स्टॅलिनच्या राजवटीत किती माणसे मारली गेली, याचा तपशील पुढे जगासमोर आला. नाव ठेवणाऱ्या आईबापांसमोर तो नव्हता. नाव ठेवताना पुढच्या इतिहासाची हमी घेता येत नाही, हा अशा नावांचा कायमचा धोका आहे.

या यादीतील एक नाव मात्र निराळे आहे. ते म्हणजे आंबेडकर. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि त्यावरून, शाळेतील शिक्षकांच्या मायेमुळे, आंबेडकर असे ते घडले, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. 'कर' हा प्रत्यय मराठी आडनावाची खूणगाठ; गाव सोडून आलेल्या माणसाला गावाशी बांधून ठेवणारा. तमिळ प्रदेशात या नावातला 'कर' गळून पडला आणि उरलेल्या भागाला तमिळ वळणाची शेपटी लागली. वंदवासी मतदारसंघातून २०१६ आणि २०२१ मध्ये निवडून आलेल्या द्रमुकच्या आमदारांचे नाव एस. अंबेतकुमार असे आहे. उत्तर प्रदेशात याच नावाचा वाद निराळ्या अंगाने रंगला. तेथे शासकीय कागदांत बाबासाहेबांचे नाव चुकीचे लिहिले जाते, 'अंबेडकर' नव्हे 'आंबेडकर' लिहावे, असा आग्रह तत्कालीन राज्यपाल राम नाईक यांनी धरला आणि मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या पूर्ण नावात 'रामजी' हे वडिलांचे नाव समाविष्ट करण्याचा आदेश काढला. एका प्रांताने नावाला मोडून आपल्या भाषेत सामावून घेतले, तर दुसऱ्या प्रांतात ते मूळ मराठी रूपात कसे लिहायचे यावर राजकारण झाले.

ही परंपरा आता ओसरली आहे. माझ्या पाहण्यात तरी नेहरू, बोस, स्टॅलिन ही नावे धारण करणारे बहुतेक लोक पन्नाशीच्या पुढचे आहेत. याची कारणे अनेक. १९६७ मध्ये मद्रास प्रांतात काँग्रेसचा पराभव झाला आणि त्या पक्षाच्या नेत्यांच्या नावांमागचे तेज कमी झाले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. स्थलांतर, दूरचित्रवाणी आणि इंग्रजी शाळा यांच्यामुळे सर्व प्रांतांत सारखीच वाटणारी, दोन-तीन अक्षरी, परदेशात उच्चारायला सोपी नावे पसंत पडू लागली. राजकारणी माणसाविषयी असा निःशंक आदर बाळगण्याचे दिवसही गेले. खुद्द स्टॅलिन लग्नसमारंभांत नवदांपत्यांना एक आवाहन वारंवार करीत आले आहेत: मुलांना सुंदर तमिळ नावे ठेवा. ज्यांच्या स्वतःच्या नावातले पहिले अक्षर लिहिण्यासाठी तमिळ लिपीला ग्रंथ लिपीतून उसने चिन्ह घ्यावे लागते, त्यांनी हे आवाहन करावे, यात काळ किती बदलला ते दिसते.

लोकप्रियतेच्या या चढउताराविषयी आपण इतके अंदाजाने बोलतो, कारण आपल्याकडे आकडेच नाहीत. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासन १८८० पासूनच्या नवजातांच्या नावांची वर्षवार यादी प्रसिद्ध करते. कोणत्या राष्ट्राध्यक्षाचे नाव कधी चढले आणि कधी घसरले हे कोणालाही पाहता येते. भारतात जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. बाळाची नोंद नावाशिवायही करता येते; नाव नंतर, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. इतकी नावे दरवर्षी शासनाकडे जमा होतात, पण त्यांची अशी वार्षिक यादी देशाला मिळत नाही.

नावाच्या शेवटी काय असते, याला किती किंमत आहे हे मात्र मोजले गेले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदाराला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोनतृतीयांश, तर मुस्लीम नावाच्या अर्जदाराला सुमारे एकतृतीयांश इतकीच आढळली. अर्जात फरक होता तो फक्त नावाचा. चेंगलपट्टूच्या ठरावामागचे, किंवा १९७४ च्या आंदोलनात बिहारमधील अनेक तरुणांनी जातिवाचक आडनावे टाकून दिली त्यामागचे कारण हेच होते. १६९९ मध्ये खालशाच्या स्थापनेबरोबर आलेले 'सिंह' आणि 'कौर' हेही त्याच विचाराचे सर्वांत जुने आणि सर्वांत यशस्वी रूप म्हणता येईल. आडनाव टाकल्याने जात जात नाही, हे खरे. तमिळनाडूत आडनावे गेली तरी जातीय अत्याचार थांबलेले नाहीत. पण समोरच्याला पहिल्याच वाक्यात जात कळू न देण्याचा हक्क काही लहान नाही.

या हक्कावर आज कोणी उघड हल्ला करीत नाही. तो अर्जाच्या रकान्यांतून कमी कमी होतो आहे. आधारमध्ये नावासाठी एकच सलग जागा आहे. ते योग्यच आहे. पॅनच्या अर्जात मात्र वर्षानुवर्षे आडनावाचा रकाना अनिवार्य आणि नुसती आद्याक्षरे अमान्य राहिली. पारपत्रात आडनाव आणि दिलेले नाव असे दोन भाग असतात. आडनाव कोरे ठेवता येते, पण त्याचे परिणाम परदेशात भोगावे लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पारपत्रावर एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटन व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम केला. पारपत्रात वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव नोंदलेले असल्यास चालेल, असा खुलासा नंतर झाला. अमेरिकी व्हिसावर एकच नाव असलेल्या माणसाचे ते नाव आडनाव ठरते आणि पहिल्या नावाच्या जागी 'अज्ञात' अशा अर्थाची तीन अक्षरे छापली जातात. शाळेच्या दाखल्यावर एक, पॅनवर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे अशी एकाच माणसाची तीन नावे होतात. आधारवरील नाव तर आयुष्यात दोनदाच बदलता येते.

सोय म्हणून दक्षिणेतील कुटुंबे आता वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात भरतात. अरुण नेहरू हे नाव दिसायला उत्तर भारतीय वाटते, ते याच रीतीमुळे. या सोयीची झळ स्त्रियांना अधिक लागते. वडिलांचे नाव आडनाव म्हणून लिहिलेल्या मुलीकडून लग्नानंतर त्या जागी नवऱ्याचे नाव घालण्याची अपेक्षा होते आणि तिचे सगळे कागद पुन्हा नव्याने जुळवावे लागतात. थोरांची आडनावे मुलांनाच मिळाली, मुलींना क्वचितच, हेही येथे नोंदवायला हवे. सरोजिनी आणि इंदिरा ही नावे मुलींना मिळाली, पण ती पहिली नावे होती.

महाराष्ट्राने या बाबतीत एक पाऊल टाकले आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवण्यात आला. आईला नावात जागा मिळाली, हे स्वागतार्ह आहे. तरी त्या नमुन्यातही शेवटचा रकाना आडनावाचाच आहे. ज्याला तो कोरा ठेवायचा आहे, त्याला तसे करण्याची मोकळीक असेल काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

आता या प्रश्नाला उशीर करून चालणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या सुधारणेनुसार, त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत आणि विवाहनोंदणीपासून सरकारी नेमणुकीपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्माची तारीख आणि ठिकाण यांचा पुरावा आहे. त्या दाखल्यावर नाव ज्या रूपात येईल, त्याच रूपात ते आयुष्यभर मागे येणार. म्हणून केंद्र सरकारने तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. आधारप्रमाणे सर्व शासकीय अर्जांत पूर्ण नावासाठी एकच जागा असावी आणि आडनाव कोठेही अनिवार्य नसावे. एकच नाव असलेल्या नागरिकांना परदेशात अडवले जाणार नाही, यासाठी परराष्ट्र खात्याने इतर देशांशी बोलणी करावीत. इंडोनेशियासारख्या देशांतही अशी एकेरी नावे असलेले लोक मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे या बोलण्यांत भारत एकटा पडणार नाही. आणि जन्मनोंदणीतील नावांची, कोणाचीही ओळख उघड न करता, राज्यवार वार्षिक यादी प्रसिद्ध करावी. नेहरू, बोस आणि तिलक ही नावे कोठे उगवली आणि कधी मावळली, हे मला आठवणी आणि उमेदवारांच्या याद्या यांवरून सांगावे लागले. पुढच्या अभ्यासकाला ते आकड्यांवरून सांगता यावे.